तो फोटो कोकणातला नाही, अन् तो दगडपण आपला नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, भाचा फोनवर टाईप करून देतोय, तवा चूकभूल पोटात घाला. मी बोअर मारणारा माणूस. उचगावात राहतो, बावीस वर्षं रिगच्या, म्हणजे बोअर मारायच्या गाडीच्या, मागं काढली, आता गाडी पोरं फिरवतात आणि मी नुसता पॉइंट, म्हणजे बोअर कुठं मारायचा ती जागा, बघायला आणि पैसे मागायला जातो. सांगायचं कारण एवढंच की मी काय कॉलेजात भूगर्भ शिकलेला नाही, पण दगडाशी रोजचा संबंध आहे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागं कोकण ट्रिपचं एक पान आलं होतं. मासळी कुठं चांगली, खोल्या कुठं स्वस्त, सगळं झकास लिहिलेलं. त्यात एक मोठा फोटो होता, समुद्राच्या कडेला काळसर दगडाचे खांब, षटकोनी, एकाला एक लावून कुणी रचून ठेवल्यासारखे, आणि खाली ओळ होती की गुहागर हेदवीच्या किनाऱ्यावर लाटांनी हजारो वर्षांत घडवलेले खांब. भाच्यानं तो फोटो बघितला आणि मामा जायचंच म्हणून मागं लागला. मग काय, दोघं निघालो. आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून जयगडला फेरीबोटीत गाडी घातली, पलीकडं तवसाळला उतरलो आणि हेदवीत पोचलो. अख्खा दिवस खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकात, फिरलो, खांब काय सापडंना. शेवटी कालवं काढत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना फोनवरचा फोटो दाखवला, ते बराच वेळ बघून म्हणाले, "हे आमचं न्हाय, हे खालचं, मालप्याकडचं, तिथं बोटीवर होतो मी दोन वर्सं."

घरी येऊन बघितलं तर बाबा शंभर टक्के बरोबर. तो फोटो कर्नाटकातल्या उडुपीजवळ मालपे बंदरासमोर जी सेंट मेरीज बेटं आहेत तिथला आहे. म्हणजे साहेब, एका ओळीत आपण तीन चुका केल्या. जागा चुकली, लाटांनी घडवलेले हे चुकलं, आणि हजारो वर्षं हेही चुकलं. पहिली चूक मी पेट्रोल घालून भोगली, ती सोडून देतो. बाकीच्या दोन मात्र सोडाव्या वाटंनात म्हणून हे पत्र.

ते खांब लाटांनी घडवलेले नाहीत, लाटा यायच्या कितीतरी आधी ते तसेच होते. लाव्हा थंड होताना आकसतो. आटलेल्या तळ्यातला गाळ उन्हानं तडकतो आणि त्याच्या फरशा होतात, बघितलंच असंल, तसंच, फक्त इथं तडा वरून खाली उतरत जातो आणि फरशीच्या जागी उभा खांब तयार होतो. चारीकडून सारखी ओढ बसली की तीन तडे एका ठिकाणी मिळतात आणि सहा बाजूचा आकार पडतो, सगळेच सहाचे नसतात, पाचाचे सातचेपण असतात. पण त्याला लाव्हा जाड साचलेला पाहिजे आणि सावकाश, सारखा थंड झालेला पाहिजे. म्हणून असले खांब कुठंही मिळत नाहीत. समुद्रानं काय केलं तर वरची माती धुवून काढली आणि खांब उघडे पाडले, घडवणारा कारागीर वेगळाच.

आणि वय. सेंट मेरीजचा लाव्हा साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर आपल्यापासून तुटून गेला त्या वेळचा. तो आपल्या काळ्या पाषाणाच्या जातीचापण नाही, त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीतला घटक, जास्त. आपला सह्याद्री, आपला कोल्हापूरचा दगड, मुंबईपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्याचा काळा कातळ, हा सगळा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा लाव्हा. म्हणजे दोन्हींत दोन कोटी वर्षांहून जास्त अंतर. दोघांना एका ओळीत घालणं म्हणजे पणजोबा आणि नातू जुळे आहेत म्हणण्यासारखं झालं.

आता तुम्ही म्हणाल बोअरवाल्याला काय पडलंय. पडलंय साहेब, कारण हेदवीला खांब नाही सापडले पण जे सापडलं ते मी बावीस वर्षं आंधळ्यासारखं चाचपत होतो, ते तिथं उघड्यावर मांडून ठेवलेलं होतं.

बोअर मारताना दगड दिसत नाही, दिसते ती पूड. राखाडी काळी पूड आणि बिटचा, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकाचा, आवाज खणखणीत झाला की समजायचं पाषाण लागला, आता फूट हळू सरकणार. मग पूड जरा हलकी, त्यात पांढरे हिरवे कण चमकायला लागले की मांजऱ्या आला, तिथं पाणी लागायची आशा, मालकाचं तोंड उजळतं. आणि मधनंच कुंकवासारखी तांबडी पूड उडायला लागली, अंगावरचे कपडे तांबडे झाले की गेरू. गेरू लागला की आमच्या पोटात गोळा, कारण तो भिजला की फुगतो, बोअर ढासळतं, हॅमर अडकतो, केसिंगचा पाईप जादा लागतो आणि मग मालक बरोबर भांडण. गेरूच्या खाली परत मांजऱ्या, परत पाषाण, हाच क्रम पुन्हा पुन्हा. हे असं का हे मला पहिली कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. भूजल खात्यातले एक साहेब एकदा साईटवर आले होते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, की बाबा प्रत्येक वेळचा लाव्हा म्हणजे एक थर, थराचा मधला भाग घट्ट तो तुझा पाषाण, वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकून राहिले तो तुझा मांजऱ्या, त्या बुडबुड्यांत नंतर खनिजं भरली ते तुझे पांढरे कण, आणि एक थर पडून दुसरा यायच्या मधी जेवढा काळ गेला त्यात वर माती तयार झाली, ती पुढच्या लाव्हानं भाजून काढली तो तुझा गेरू. भट्टीत वीट भाजतो तशी. त्या दिवसापासून गेरू लागला तरी मला थोडा आदर वाटायला लागला, हॅमर अडकला तर मात्र अजून शिव्याच येतात.

तर हेच सगळं किनाऱ्यावर उघडं आहे, एक रुपया न घालता बघायला मिळतं. समुद्र काय करतो, मऊ असंल ते आधी खातो. मांजऱ्या आणि गेरू पोखरून आत खोबण पाडतो, वरचा पाषाण छज्जासारखा राहतो, खोबण फार आत गेली की छज्जा कोसळतो, मग पुढची खोबण. असं करत करत कडा मागं सरकत जातो आणि पायाशी सपाट कातळाची ओसरी राहते, ओहोटीला उघडी पडणारी. त्या ओसरीवर आपण फोटो काढतो पण ती म्हणजे कडा कुठवर होता आणि कुठवर मागं गेला त्याची खूण आहे हे कुणी सांगत नाही.

त्या ओसरीवर गोल गोल खड्डे दिसतात, आत दोन चार गुळगुळीत गोटे पडलेले. लाट येते, गोटा आत गरगरा फिरतो आणि दगड कोरत जातो. निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे बघायला लोक बसा करून जातात, हे त्याचंच समुद्रातलं धाकटं भावंड. आणि जिथं नुसता तुषार पोचतो तिथल्या दगडाला जाळी पडते, मधाच्या पोळ्यासारखी. दगडाच्या बारीक भोकांत खारं पाणी शिरतं, उन्हानं वाळतं, मिठाचे खडे आत फुगतात आणि कण कण फोडतात. हरिहरेश्वरला मंदिरामागून पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलात की ही जाळी हाताला लागते, लोक बिचारे देवाची करणी म्हणून हात जोडतात, जोडू देत, पण शेजारी एक बोर्ड लावला तर देव काय रागावणार नाही.

हेदवीत बामणघळ आहे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद लांब चीर आत गेलेली. आम्ही सकाळी ओहोटीला बघितली तर भाचा म्हणाला हे काय मामा, नुसती भेग. बाबा म्हणाले दुपारी या. दुपारी भरती चढली आणि एक लाट त्या चिरेत शिरली, आत दबली आणि धाडकन पाण्याचा खांब वर, आम्ही दोघं ओलेचिंब. भाचा ओरडायला लागला पण मी हसायला लागलो, कारण हे तर आमचं रोजचं काम. बोअरमध्ये कॉम्प्रेसरची हवा खाली सोडली की पाणी असंच उसळून तोंडावर येतं. लाट चिरेत शिरली की पुढची हवा कोंडते, दाबली जाते, आणि लाट मागं फिरली की ती हवा फुटून बाहेर येते, दगडाचे तुकडे सैल करते. कातळात आधी एक तडा होता, समुद्रानं त्यात पाचर मारत मारत त्याची घळ केली, अजून मारतोय. दिवसातनं दोन भरत्या, सुट्टी नाही, दिवाळीलापण नाही.

अलिबाग मुरूडकडं गेलात तर अजून एक गंमत, लाव्हाच्या थरांना आडवी चिरत गेलेली दगडाची उभी भिंत, लांबच्या लांब सरळ. जुन्या थरांना भेग पडली आणि खालून नवा लाव्हा त्यात भरून थिजला. आम्ही बोअरवाले ह्या भिंतीला लई घाबरतो. जमिनीखाली ती बांध घातल्यासारखी पाणी अडवते, एका शेतात पाणी लागतं आणि शेजारच्या शेतात अडीचशे फूट कोरडं, आणि शेतकरी म्हणतो तुम्ही पॉइंट चुकीचा काढला. तसंच पनवेलच्या बाजूला थर सपाट नाहीत, समुद्राकडं कललेत, आपल्याकडं मात्र परातीत पाणी ठेवावं तसे आडवे. पश्चिमेचा हा किनारा फाटताना ती ओढ बसलेली आहे. सेशेल्सची बेटं त्याच सुमारास आपल्यापासून सुटून गेली, आज ती आफ्रिकेच्या जवळ आहेत.

एक सांगायचं राहिलं. ज्वालामुखी म्हटलं की लोकांना टोकाला तोंड असलेला डोंगर आठवतो आणि मग पन्हाळ्याकडं बोट दाखवून विचारतात हाच का तो. तसलं काय नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातनं लाव्हा उतू गेल्यासारखा पसरला, थरावर थर, आजसुद्धा साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर तो शिल्लक आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. इंग्रजांच्या पुस्तकांतलं त्याचं नाव ट्रॅप, ते स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलंय. आंबा घाट उतरताना समोरच्या डोंगराकडं बघा, खरंच जिना दिसतो. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर, म्हणजे आपण ढोबळमानानं जिन्याच्या वरच्या पायरीवर राहतो आणि सुट्टीत खालच्या पायऱ्यांवर पाय भिजवायला जातो. जिना एकच.

अंबाबाईचं देऊळ ह्याच काळ्या दगडाचं. जोतिबाचं तेच. पंचगंगेचा घाट तेच. रंकाळा म्हणजे मूळची दगडाची खाण आणि मग भूकंपात तिला झरे फुटले असं आपल्याकडं जुनी माणसं सांगतात. तोच दगड खाली समुद्र खातोय, आणि आपण तिथं जाऊन विचारतो हे काळं काळं काय आहे.

किनाऱ्यावर काळ्याच्या वर तांबडा जांभा दिसतो, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळाच्या माळावर. तोपण परका नाही. पन्हाळ्याच्या माथ्यावर आणि मसाई पठारावर तोच. काळा पाषाण लाखो वर्षं पावसात कुजला, सिलिका धुवून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा गंज म्हणजे जांभा. कोकणात त्याचेच चिरे काढून घरं बांधतात आणि त्याच्याच सड्यावर जुन्या माणसांनी कातळशिल्पं कोरलीत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरीत मांडवीला काळी वाळू आहे ना, तिला लोक काळा समुद्र म्हणतात. भाच्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक नेलं होतं, वाळूत फिरवलं तर दाढी उगवल्यासारखे कण चिकटले. ते लोखंडाचे कण पाषाणाच्याच पोटातले, दगड विरघळला, ते उरले. जवळच पांढरा समुद्र आहे, तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त. हे बघायला तिकीट नाही.

मालवण वेंगुर्ल्याकडं मात्र खडक बदलतो, तिथं लाव्हाच्याही आधीचे लई जुने खडक वर आलेत. म्हणून पुरवणीत सरसकट सगळ्या कोकण किनाऱ्याला लाव्हाचा किनारा म्हणून छापू नका, परत पत्र लिहायला लागंल.

आता खांबाचं. खांब बघायचेच असतील तर आपल्या वाचकांना उडुपीला कशाला पाठवता. पन्हाळा तालुक्यात बांदिवडे गावाजवळ आपल्याच लाव्हाचे खांब आहेत, कोल्हापुरातल्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना माहीत नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, जवळपास २०० फूट उभा खांबांचा गठ्ठा, चारी बाजूनं खाणी आणि बिल्डिंगांनी खाल्ला म्हणून तो एकटा उरलाय. बांदिवड्याचं तसं व्हायला नको एवढीच धास्ती. २०२५ मध्ये महाबळेश्वर पाचगणीच्या लाव्हाथरांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, आणि मजा म्हणजे त्याच वेळी सेंट मेरीज बेटांचंपण गेलं. दोघं शेजारी शेजारी यादीत, म्हणून कदाचित आपल्या पुरवणीत फोटो इकडचा तिकडं झाला असंल, मी समजून घेतो.

दोन तक्रारी मात्र आपल्या मार्फत सांगायच्यात. एका किनाऱ्यावर, नाव घेत नाही, ओहोटीच्या त्या ओसरीवर सरळ काँक्रीट ओतून सेल्फी पॉइंट केलाय. ज्या खड्ड्यांत कालवं, खेकडे, बारकी मासळी राहते ते बुजवून वर टाईल्स. पहिल्याच पावसाळ्यात निम्म्या टाईल्स गेल्या, समुद्रानं मऊ होतं ते आधी खाल्लं, वर सांगितलंच. दुसरी, ऑइल पेंटनं नावं. कातळावर बदामाच्या आत दोन नावं, खाली गावाचं नाव, आणि ते गाव बऱ्याचदा आपलंच असतं हो. करवीरकर म्हणून छाती फुगवायची आणि दगडावर असले उद्योग.

आणि पुरवणीत एक छोटी चौकट द्याच, भरती ओहोटीच्या वेळेची. आपल्या लोकांना नदी कळते, पूर कळतो, पंचगंगेची पातळी फुटात तोंडपाठ असते, पण भरती कळत नाही. हरिहरेश्वरला माझे आईवडील प्रदक्षिणेला उतरले होते, कुणी अडवलं नाही, बोर्ड नाही, निम्म्यात पाणी चढलं, वडिलांची चप्पल गेली आणि आईचा गुडघा फुटला, तिथल्या एका पोरानं हात देऊन वर काढलं म्हणून वाचले. तो काळा दगड ओला झाला की शेवाळानं साबणासारखा होतो. हेदवीच्या बाबांनी मला हिशोब सांगितला, तिथीला पाऊणनं गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण, पाणी जास्त चढणार. अष्टमीला भांग, कमी चढणार, कमी उतरणार. गावागावानुसार थोडं मागं पुढं होतं, पण नसण्यापेक्षा बरं. म्हणजे खडप बघायचं असंल तर अमावास्या पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला किंवा अगदी पहाटे जावं, तेव्हा ओसरी सगळ्यात जास्त उघडी असते, फक्त अंधारात तिथं थांबू नये.

दुरुस्ती छापणार असाल तर दोन ओळींत छापा, चालेल, मोठी माफी वगैरे नको. फोटो मात्र परत तोच छापू नका. बांदिवड्याचा पाहिजे असंल तर मी आणि भाचा काढून पाठवतो, पावसाळा संपला की, आत्ता तिथं गवत कमरेएवढं आहे, खांब दिसत नाहीत.

आपला,
एक बोअरवाला वाचक
उचगाव, कोल्हापूर